डोंगर पेटला, तर विझवायचा कुणी?



उन्हाळ्याच्या तोंडाला पाटोदा तालुक्यातील एका वाडीवर वैरणीच्या पिकांबद्दल बैठक होती. मारुतीच्या पारावर पंचवीस-तीस माणसे जमली होती. समोरच्या डोंगरावर जळाल्याचा काळा पट्टा स्पष्ट दिसत होता. आदल्या सायंकाळीच तो डोंगर पेटला होता. बैठक उठता उठता शेरडे राखणारे एक आजोबा म्हणाले, "साहेब, डोंगर फॉरेस्टचा, चारा आमच्या शेरडांचा. मग पेटला तर इझवायचा कुणी?"

मंडळी हसली, पण मला उत्तर सुचले नाही. कारण आदल्या सायंकाळी तालुक्याहून परतताना तो जाळ मी रस्त्यावरून पाहिला होता. आपण कृषी खात्याचे, डोंगर वन खात्याचा, त्यांचे ते बघतील, असा विचार करून मी मोटारसायकल पुढे काढली होती. म्हणजे आजोबांचा प्रश्न खरे तर मलाच होता.

पुढे थोडे वाचले, जाणत्यांना विचारले. तेव्हा ध्यानात आले, की 'डोंगर सरकारचा, विझवील सरकार' ही समजूत आपल्या मनात आपोआप आलेली नाही, तिला शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो समजला म्हणजे आज वन खाते कसे बांधलेले आहे आणि त्यात आपली जागा कोणती, हेही समजते. म्हणून या अंकात बियाणे-खते बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

आपले जंगल केवढे?

बीड जिल्हा जंगलाच्या बाबतीत गरीब आहे. जिल्ह्याच्या शंभर एकरांमागे तीन एकरही जंगल भरत नाही. गेवराई, माजलगावकडची गंगथडी काळ्या रानाची, तिथे जंगल नावालाच. जे काही आहे ते बालाघाटाच्या रांगांवर, म्हणजे आष्टी, पाटोदा, शिरूर, बीड, धारूर, अंबाजोगाई, परळी या भागांत. तेही सलग नाही. या गावचा एक माथा, त्या गावचा एक उतार, असे तुकड्या-तुकड्यांनी पसरलेले. त्यात धावडा, सलई, खैर, हिवर, बोर आणि आपले सीताफळ. बाकी सगळे गवत.

हे जंगल लाकडाच्या हिशेबाने थोडे असले, तरी आपल्या शेतीच्या हिशेबाने फार मोलाचे आहे. डोंगरावर पडलेले पाणी जिरले तर पायथ्याच्या विहिरीला पाझर राहतो. डोंगरावरचे गवत टिकले तर कडब्याची गंज पावसाळ्यापर्यंत पुरते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या सीताफळाचे मूळ घर हेच मुरमाड डोंगर. म्हणून डोंगर जळाला की नुसते जंगल जळत नाही, आपलेही नुकसान होते.

दोन राज्ये, एक डोंगर

सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हे वडीलधाऱ्यांना सांगायला नको. त्या काळी सगळी जमीन एका हाताखाली नव्हती. काही मुलूख दिवाणीचा, म्हणजे सरकारच्या खजिन्याचा. काही सर्फेखास, म्हणजे निजामाच्या खासगीचा. शिवाय पायगा आणि जहागिऱ्या वेगळ्या. ज्याचा मुलूख त्याचे जंगल. जंगलाचा कारभार पाहणाऱ्यास 'जंगलात' खाते म्हणत. गावात माली पाटील वसुली पाही, पोलीस पाटील बंदोबस्त पाही आणि पटवारी कागद सांभाळी.

शेजारचा जामखेड तालुका मात्र इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होता. म्हणजे आष्टीकडून डोंगराची रांग ओलांडली की राज्य बदले, कायदा बदले, अंमलदार बदले. आग काही सरहद्द विचारत नाही. अलीकडे लागलेली आग पलीकडे जाते. पण विझवणाऱ्यांची खाती मात्र सरहद्दीवर थांबत.

१९४९ साली हैदराबाद संस्थानातील जहागिऱ्या रद्द झाल्या आणि जहागिरीतील जंगलेही सरकारकडे आली. हैदराबादचा स्वतःचा वन कायदा १३५५ फसलीचा, म्हणजे १९४५-४६ चा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. त्यानंतर १९६१ च्या कायद्याने राज्यातील वेगवेगळे वन कायदे एक करून १९२७ चा भारतीय वन कायदा सगळीकडे लागू करण्यात आला. आपल्या डोंगरावर आज जो कायदा चालतो तो हाच.

राखणदार आला, राखण तुटली

हा कायदा कुठून आला, तेही पाहू. मुंबई इलाख्यात १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन यांस वनसंरक्षक नेमले. ते पेशाने डॉक्टर, आणि पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख होते. १८६४ साली साऱ्या हिंदुस्थानसाठी वन खाते उभे राहिले. त्याचे पहिले प्रमुख जर्मनीचे डिट्रिख ब्रँडिस. १८६५ साली पहिला वन कायदा झाला, १८७८ साली तो अधिक कडक झाला आणि १९२७ साली आजचा कायदा आला.

त्या काळच्या सरकारला रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड हवे होते. म्हणून जंगलाभोवती हद्दीचे दगड रोवले, 'राखीव' म्हणून जाहीर केले आणि राखणदार नेमले. वणव्याचा बंदोबस्तही तेव्हाच सुरू झाला. मध्य प्रांतात सातपुड्यातील बोरीच्या जंगलात कर्नल पियर्सन यांनी १८६० नंतरच्या काही वर्षांत आगीपासून संरक्षणाची पहिली पद्धतशीर व्यवस्था बसवली. पुढे ती इतर प्रांतांत गेली.

या व्यवस्थेत एक खोट राहिली. राखणदार नेमला तो मुख्यतः गावकऱ्यांपासून जंगल राखण्यासाठी. चराई बंद, लाकूड बंद, गुरे कोंडवाड्यात. लोकांचा राग साठत गेला. १९३० साली पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, माणसे मेली. आपल्याकडे १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिलढ्यातही जंगल सत्याग्रह झाला, शिंदीची झाडे तोडली गेली.

आता विचार करा. ज्या डोंगरावर पाऊल टाकले तर दंड, तो डोंगर पेटला तर माणूस धावत कसा जाईल? 'जळू दे, सरकारचा आहे' ही बोली तिथून सुरू झाली. राज्य बदलले, कायदे सुधारले, पण बोली तशीच राहिली. आजोबांच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

खात्याकडूनही एक चूक झाली. सुरुवातीस त्यांनी ठरवले, की आग म्हणजे शत्रू, कुठेच नको. ब्रह्मदेशातील ओलसर सागवानी जंगलात अनेक वर्षे आग रोखून पाहिली, तर सागाची नवी रोपेच येईनात. तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीस तिथल्या काही भागांत हा हट्ट सोडावा लागला. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, माणसे उभी करून लावलेली आग वेगळी आणि मोकाट वणवा वेगळा, हे खातेही अनुभवानेच शिकले. आजची जाळरेषा याच समजुतीवर उभी आहे. तिची माहिती पुढे येईल.

आजचे खाते: वरून खाली

आता आजची मांडणी पाहू. कोणास सांगायचे हे कळण्यासाठी ती ठाऊक हवी.

मंत्रालयात महसूल व वन विभाग आहे. खात्याचे मुख्यालय नागपूरला. तिथे प्रधान मुख्य वनसंरक्षक बसतात, त्यांना वनबलप्रमुख म्हणतात. त्यांच्या खाली राज्याची वनवृत्ते. आपले वृत्त छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे जुने औरंगाबाद. वृत्ताखाली विभाग. बीडच्या वन विभागाचा प्रमुख अधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो, त्याच्या मदतीस सहायक वनसंरक्षक असतात. विभागाखाली परिक्षेत्रे, ज्याला आपण रेंज म्हणतो. तिचा प्रमुख तो वनपरिक्षेत्र अधिकारी, आपला 'रेंजर'. रेंजच्या खाली परिमंडळ, त्यावर वनपाल. परिमंडळाच्या खाली नियतक्षेत्र, म्हणजे बीट. बीटावर वनरक्षक, आपण त्याला 'गार्ड' म्हणतो. त्याच्याबरोबर वनमजूर.

याखेरीज काही शाखा वेगळ्या आहेत. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य १९९४ साली जाहीर झाले, ते सुमारे ३० चौरस किलोमीटरचे आहे. त्याचा कारभार वन्यजीव शाखेकडे. रस्त्याच्या कडेची आणि गावाच्या पडीक जमिनीवरची झाडे लावण्यासाठी १९८२ साली सामाजिक वनीकरण सुरू झाले. आणि गायरान पेटले, तर ती जमीन वन खात्याची नव्हेच. तिथे तहसीलदार आणि ग्रामपंचायत. एकाच डोंगराच्या चार बाजू चार खात्यांकडे असू शकतात. म्हणून आग लागल्यावर 'ही हद्द कुणाची' यात वेळ घालवू नये. जो अंमलदार जवळ असेल त्याला आधी कळवावे, पुढचे तो पाहील.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्यावी. एवढ्या मोठ्या शिडीवर वणवा विझवण्याचे काम शेवटी सर्वांत खालच्या पायरीवर येते. आपल्या जिल्ह्यात जंगल तुकड्यांत असल्याने एका गार्डाकडे अनेक गावांचे डोंगर असतात. तो एका माथ्यावर असेल तेव्हा दुसरा माथा उघडाच. वणव्यासाठी वेगळी भरती केलेले कायमचे मोठे दल आपल्याकडे नाही. जो गार्ड रोपे लावतो, चोरतोड पकडतो, बिबट्या आल्यावर धावतो, तोच आगही विझवतो.

वणव्याचा हंगाम

खाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरते. त्याआधीची तयारी म्हणजे जाळरेषा. पावसाळा संपल्यावर राखीव वनाच्या हद्दीने आणि रस्त्याच्या कडेने ठरावीक रुंदीचा पट्टा आखतात. त्यातील गवत कापून, वाळवून, हंगाम लागण्यापूर्वी माणसे उभी करून जाळून घेतात. त्या पट्ट्यात जळायला काही उरत नाही, म्हणून आग तिथे येऊन थांबते. हंगामात रोजंदारीवर आगीची राखण करणारी माणसे घेतात. विझवण्यासाठी ओल्या पाल्याच्या फांद्या, झोडपणी, आणि अलीकडे पालापाचोळा उडवून लावणारी ब्लोअर यंत्रे असतात. डोंगरावर बंब चढत नाही.

आता उपग्रहाची मदत आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहावरून आगीची ठिकाणे ओळखून राज्यांना कळवते. नाव नोंदवणाऱ्याच्या मोबाइलवर संदेश येतो. हे फार चांगले झाले. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो. संदेश येऊन गार्ड निघेपर्यंत तास-दोन तास सहज जातात. शेरडे राखणाऱ्याला धूर मात्र पहिल्या पाच मिनिटांत दिसतो. म्हणून पहिली खबर त्याच्याकडूनच यायला हवी.

बाहेरचे काय सांगते?

कुणी म्हणेल, वेगळे दल उभारले की प्रश्न मिटेल. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १८८५ साली वन मंडळ स्थापले, १९०५ साली राज्य वनाधिकारी नेमला. आज तिथे वन आणि आग ही दोन्ही कामे एकाच मोठ्या राज्य खात्याकडे आहेत. त्यांच्याकडे पगारी जवान, शेकडो गाड्या, पाणी टाकणारी विमाने आहेत. तरीही नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅराडाइज नावाचे गाव वणव्यात जळाले आणि ८५ माणसे मेली. दल हवेच, साधनेही हवीत. पण वारा सुटल्यावर साधने तोकडी पडतात. आग लहान असतानाच ती दिसणे आणि विझणे, हाच खरा बंदोबस्त. तो डोंगराच्या पायथ्याशी राहणाराच करू शकतो.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. बीडजवळ पालवणच्या डोंगरावर लोकांच्या सहभागातून 'सह्याद्री देवराई' उभी राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरले. मार्च २०२१ मध्ये त्याच डोंगराला आग लागली आणि जपलेली झाडे होरपळली. झाड वाढायला वर्षे लागतात, जळायला एक दुपार पुरते.

कायद्यात आपली जागा

आता ज्या कलमाने माझी मान खाली गेली, ते सांगतो. १९२७ च्या कायद्याचे ७९ वे कलम म्हणते, की ज्याला राखीव किंवा संरक्षित वनात चराईचा, लाकूडफाट्याचा वा कोणताही हक्क आहे, त्याने आग दिसताच खबर द्यावी, ती विझवण्याची खटपट करावी आणि मागितल्यास वनाधिकाऱ्यास मदत करावी. तेच बंधन जंगलालगतच्या गावातील सरकारी पगार घेणाऱ्यांवरही आहे. म्हणजे आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात होते: खात्याने, हक्कदारांनी आणि माझ्यासारख्या सरकारी माणसांनी मिळून.

२६ वे कलम आग लावणाऱ्यास शिक्षा व नुकसानभरपाई सांगते. त्यातच आणखी एक गोष्ट आहे. राखीव वनात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर शासन तिथले चराईचे व वनोपजाचे हक्क ठरवील तितके दिवस बंद ठेवू शकते. एकाच्या विडीपायी साऱ्या गावाची शेरडे घरी बसतील.

पण आज कायद्यात नुसता धाकच नाही, वाटाही आहे. १९९२ साली महाराष्ट्राने संयुक्त वन व्यवस्थापन स्वीकारले आणि गावची समिती व खाते यांनी मिळून जंगल राखण्याची वाट मोकळी झाली. २००६-०७ पासून संत तुकाराम वनग्राम योजनेत वणवा व चोरतोड रोखणाऱ्या चांगल्या समित्यांना बक्षिसे सुरू झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने हक्कदारांना आपले सामूहिक वन राखण्याचा हक्क दिला. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली असा सामूहिक हक्क मिळवला. १८७८ साली गावकरी जंगलाच्या हद्दीबाहेर उभा होता. आज कागदावर तरी तो आत आला आहे. प्रत्यक्षात यायचे, तर पहिले पाऊल वणव्याच्या वेळी पडले पाहिजे.

आता कामाचे

१) 'डोंगर जाळला की गवत जोमाने येते' हा समज सोडावा. जाळाने कुसळी गवत टिकते, पवन्या आणि मारवेलसारखे चांगले गवत मागे पडते. उघड्या मुरमावर मृगाचा पाऊस पडला की वरची माती वाहून जाते आणि सलग समतल चर गाळाने भरतात.

२) डोंगरालगतचा बांध, उसाचे पाचट, तुरीच्या तुराट्या पेटवू नयेत. पाचट कुजवावे. फेब्रुवारीनंतर तर काडी ओढूच नये.

३) डोंगरालगतच्या शेतकऱ्याने दिवाळीनंतर आपल्या हद्दीतील गवत कापून वैरणीस घ्यावे. चारा मिळतो आणि आगीस आडही होतो. वन हद्दीतील पट्टा मात्र गार्डाला विचारल्याशिवाय कापू वा जाळू नये.

४) गार्ड, वनपाल व रेंजर यांची नावे आणि फोन ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. वन खात्याचा मदत क्रमांक १९२६ आणि संकटकाळचा ११२ हेही लिहावेत.

५) आग दिसताच आधी खबर, मग फांदी. वाऱ्याकडे पाठ करून, आगीच्या बाजूने झोडपत यावे. पेटलेल्या उताराच्या वरच्या बाजूस कधीही उभे राहू नये, कारण आग चढणीवर माणसापेक्षा वेगाने धावते. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरावर वीसहून अधिक माणसे अशा वणव्यात सापडून गेली. मुले, एकटा माणूस, नायलॉनचे कपडे घातलेला माणूस यांनी आगीजवळ जाऊ नये. ज्वाळा डोक्याच्या वर गेल्या, तर मागे फिरावे. डोंगर पुन्हा हिरवा होईल, माणूस परत येणार नाही.

६) विझल्यावर बुंधे व शेण तपासावे. धुमसते शेणकूट रात्रीच्या वाऱ्याने पुन्हा पेटते.

त्या वाडीवर पुढच्या बैठकीला मी गेलो, तेव्हा आजोबांना हे सगळे सांगितले. त्या सायंकाळी मी पुढे निघून गेलो होतो, हेही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलं. आता धूर दिसला तर म्या गार्डाला फोन लावतो. तुमाला बी लावतो." मी माझा नंबर त्यांना दिला आहे. आपल्या गावातही अशी एक यादी आजच तयार करावी.